सरांचा तळहात

सर मैदानात यायचे ते सावकाश, कमरेवरची पँट वर ओढत. बॉल टाकणाऱ्या पिचरसमोर थांबायचे आणि उजवा तळहात पुढे करायचे. बेसबॉलमध्ये पिचर बदलायचा ठरला की मॅनेजर असा स्वतः चालत जाऊन त्याच्या हातून बॉल घेतो. बॉल मिळाला की सर म्हणायचे, "बस झालं आता, बाबू. लय चांगलं टाकलं तुनं."

समोरच्यांनी धू धू धुतलेलं असलं तरी हेच.

सर अमरावतीच्या एका शाळेत पीटीचे मास्तर. जन्मभर मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवला आणि निवृत्तीनंतर मुलीकडे आयर्लंडमधल्या डंडॉकला आले. आम्ही ऑफिसातली मंडळी, काही मराठी, काही आयरिश, रविवारी बेसबॉलच्या नावाखाली धावाधाव करायचो. सर कुंपणाशी उभे राहून बघायचे. एकदा न राहवून ओरडले, "अबे, बॅट हाय का लाटणं?" त्याच दिवशी ते आमचे मॅनेजर झाले.

या खेळात मॅनेजरही खेळाडूंचाच गणवेश घालतो, हे त्यांना फार आवडायचं. सुटलेल्या पोटावर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चढवून ते बसने यायचे.

"बाबा, वरून जॅकेट तरी घाला," मुलगी म्हणायची.

"कायले? टीमले लाज वाटते काय माही?"

पुढचे काही उन्हाळे आमचे होते. डब्लिनच्या टीम आम्हाला हसत यायच्या आणि गप्प होऊन परत जायच्या. सर बाकावरून उठले की आमचा आयरिश कॅचर पुटपुटायचा, "युअर मॅन इज कमिंग." मी, पिचर, बॉल काढून तयार ठेवायचो. सरांच्या त्या ‘लय चांगलं टाकलं’मुळे बाहेर जाताना हरल्यासारखं वाटायचं नाही.

मग सर विसरू लागले. आधी आमची नावं, मग खेळातल्या खुणा. आम्ही सांभाळून घेत राहिलो. शेवटच्या सामन्यात त्यांनी माझ्याकडून बॉल घेतला, दुसऱ्या पिचरला दिला, जाऊन बसले. आणि त्याने एकही बॉल टाकण्याआधी उठून पुन्हा चालू लागले. तळहात पुढे. त्याने गोंधळून बॉल दिला. सर तो हातात घेऊन तिथेच उभे. कुणाला द्यायचा, ते कळेना. समोरच्या बाकावर कुणीतरी हसलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कॅप्टन होतो.

मी चालत गेलो. त्यांच्यासारखाच तळहात पुढे केला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि बॉल माझ्या हातात ठेवला. पण जागचे हलले नाहीत. कशासाठी थांबलेत, ते मला कळत होतं.

"चला, सर," एवढंच मी म्हणालो. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांची लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

हिवाळ्यात त्यांच्या घरी गेलो, त्यांचं ते वाक्य त्यांनाच म्हणायचं ठरवून. सर खिडकीशी बसले होते, अंगात तोच शर्ट. मला ओळखलं नाही. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी तळहात पुढे केला. माझ्याकडे बॉल नव्हता. मी माझी मूठ त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली.

"बस झालं आता, बाबू. लय चांगलं टाकलं तुनं."

म्हणायचं राहिलेलं वाक्य तसंच घेऊन मी घरी आलो. फेब्रुवारीत सर गेले.