ज्या नावाला कुणी उठलं नाही

आमच्या शेजारच्या बाईंना मी मागे भोंगाबाई म्हणते आणि समोर ताई. दोन्ही प्रेमानेच. एकतीस वर्षं त्या मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसतात. कार्ड काढायचं, वजन लिहायचं आणि नंबर आला की बाळाच्या नावाने हाक मारायची. माइक नाही, बेल नाही, गरजही नाही. त्यांची हाक ऐकून समोरच्या सलूनमधला माणूस गालाला साबण लावलेला तसाच दारात येतो, अशी अफवा मी पसरवली आहे आणि अजून ती कुणी खोडून काढलेली नाही.

इतक्या हाका मारल्यावर माणसाला नावांची नाडी कळणारच. "नावं सर्दीसारखी असतात गं," ताई मला सांगतात. "एका घरात शिंक आली की महिन्याभरात सगळी गल्ली सुरसुर करते." एका वर्षी कुठल्याशा मालिकेतल्या नायिकेचं नाव असं पसरलं की एक हाक मारली की पाच आया उठायच्या. मग ताईंना पुढे शेपूट लावावं लागे, "खोकल्याची! निळ्या टोपीची बसा खाली, खोकल्याची या!"

पण एक नाव त्यांनी आयुष्यात एकदाच पुकारलं. पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार. कार्डावर नाव होतं, वजन लिहून झालेलं होतं, हाक मारली आणि कुणीच उठलं नाही. परत मारली. पंखा गरगरत राहिला, बाकांवरच्या बायका माना वळवून एकमेकींकडे बघत राहिल्या, कुणाच्या तरी हातातला खुळखुळा वाजायचा थांबला. ताईंनी कार्ड बाजूला ठेवलं. त्यानंतर ते नाव पुन्हा कधी कुठल्या कार्डावर आलं नाही. नावांच्या पुस्तकांतही नाही. त्यांनी तीन पुस्तकं चाळली, त्यातलं एक माझं होतं, ते परत आलेलं नाही.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. जिचं आहे तिची तशी ताकीद आहे, कारण माझ्या तोंडी पडलं की पुढच्या वर्षी पाच आया उठतील. एवढंच सांगते, की तीन अक्षरी आहे आणि म्हणताना ओठ मिटत नाहीत. गरम दुधावर फुंकर घालावी तसं ते निघून जातं.

ताई म्हणायच्या, कधीकधी दुपारी डोळा लागला की ते नाव उशापाशी येऊन बसतं. मी म्हणायचे, "त्याला चहा विचारलात का?" पण त्या हसायच्या नाहीत. एखादीने दागिना जपावा तसं त्यांनी ते जपलं होतं, नातीसाठी.

आणि नात झाली. लेक आईकडेच राहायला आली. प्रसूतिगृहाने दिलेला नोंदणीचा कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लटकत होता, नावाची रेघ कोरी. शुक्रवारी सकाळी द्यायचा होता. बुधवारी मी बाळ बघायला म्हणून गेले आणि भांडण ऐकायला थांबले.

"अर्थ काय त्याचा?" लेक विचारत होती.

"अर्थ... छान आहे गं ऐकायला."

"आलं कुठून?"

"कार्डावरून," मी मदत केली.

"मावशी, तुम्ही गप्प बसा. आई, माझं नावही तू असंच आणलंस. दर वर्षी नवीन बाई हजेरी घेताना थांबायची, चष्मा वर करायची आणि विचारायची, अर्थ काय? शाळेत मी नदी सांगितलं, कॉलेजात तारा सांगितलं, सासरी सांगितलं, माहीत नाही. मला साधं नाव हवंय. बागेत हाक मारली की चार पोरी वळल्या पाहिजेत. त्यातली एक माझी. संपलं."

ताईंचा चेहरा असा पडला की लेकीलाच कसंतरी झालं. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "बरं. शुक्रवारपर्यंत अर्थ आण. आणलास तर तू म्हणशील ते नाव. नाहीतर मी लिहीन ते."

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या माळ्यावर ताई आणि खाली स्टूल धरून मी. जुनी कार्डं बुटांच्या खोक्यांत भरलेली. ताई एकेक वाचत होत्या आणि धूळ माझ्या डोक्यावर पडत होती. तासाभराने वरून काहीच आवाज येईना. बघते तर ताई एक पिवळं कार्ड हातात धरून, माळ्यावर आडव्या पडल्या पडल्या छताशी हसत होत्या.

कार्डावर आईचं नाव आणि पत्ता होता. तिथे दुसरीच माणसं निघाली, पण जिन्याखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याने बरोबर सांगितलं, "ती बाई ना? मागच्या गल्लीत कपडे अल्टर करते. चेन बसवून हवी का?"

दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा आणि पडदा लावलेला कोपरा. ताईंच्याच वयाची बाई, तोंडात टाचण्या धरून पँटची घडी दुमडत होती. ताईंनी कार्ड कापडावर ठेवलं. बाईने वाचलं. एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या उशीत खोचली. मग ताईंकडे निरखून बघितलं.

"अगं बाई, तुम्ही तर भोंगा!"

हा शब्द तिला मी शिकवलेला नव्हता, हे मी ताईंना तिथल्या तिथे सांगितलं.

"तुम्ही निघून गेलात," ताई म्हणाल्या. "मी दोनदा हाक मारली."

"निघून कुठे गेले? खांबामागच्या बाकावर बसले होते की. उठले नाही एवढंच."

"का पण?"

बाईने स्टूल पुढे केलं. मशीनवर हात ठेवून ती सांगू लागली, आणि हळूहळू ती आमच्याशी बोलतेय की स्वतःशी, ते कळेनासं झालं. दिवस भरत आले होते. दुपारी शिवता शिवता मशीनच्या फळीवर गाल टेकला आणि झोप लागली. झोपेत शेजारच्या खोलीतून कुणीतरी हाक मारली. पडद्याआडून, अगदी हळू. तिचं नाव नव्हतं ते. कुणाचंच नव्हतं. पण हाकेत इतकी माया होती की ती झोपेतच "ओ" म्हणाली आणि आपल्याच आवाजाने जागी झाली. शेजारची खोली रिकामी. खुर्चीवर ऊन पडलेलं.

"अर्थ काय त्याचा?" ताईंनी विचारलं.

"झोपेत अर्थ कोण विचारतं, बाई? कुणीतरी मला हाक मारत होतं, एवढाच."

"आणि मग दवाखान्यात?"

बाई हसली. "राग मानू नका. मी ते नाव तोवर मोठ्याने म्हटलंच नव्हतं. कार्डावर लिहिलं, तेवढंच. आणि तुम्ही ते असं फेकलंत, जणू आग लागलीय. सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, हे ते नाव नाहीच. गप्प बसले. पोरीचा तापही उतरला होता. जाताना तुम्ही दुसरं एक नाव पुकारलंत, त्याला तीन बायका उठल्या. म्हटलं, हे बरं, यात लपता येईल. तेच ठेवलं."

तेवढ्यात पोरगीच दारात. पंचवीसची, काखेत हेल्मेट, चष्म्याच्या दुकानातून जेवायला आलेली. तिच्या दुकानात त्या गर्दीतल्या नावाच्या चौघी आहेत, त्यामुळे सगळे तिला 'तिसरी' म्हणतात, असं तिनेच हसत सांगितलं. मग तिने कार्ड उचललं.

"हे कुणाचं?"

आईने सांगितलं. पोरीचं हसू जागच्या जागी राहिलं.

"म्हणून दाखव ना."

आईने म्हटलं. पडद्याआडून म्हणावं तसं. मी तोपर्यंत ते नाव ताईंच्याच तोंडून ऐकलेलं. हे दुसरंच काहीतरी होतं. आरशातली गल्ली, उलटे टांगलेले कोट, सगळं क्षणभर पाण्यात बुडाल्यासारखं शांत झालं.

"आणि हे माझं होतं?" पोरीने विचारलं.

"होतं."

"मग आहे."

आम्ही कशासाठी आलो होतो ते ताईंनी तिला सांगितलंच नाही. मी तोंड उघडलं तर माझ्या पायावर पाय पडला, आणि ताईंचं वजन काही कार्डावर लिहिलेलं नाही. "कार्ड तुझ्याकडेच ठेव," एवढं म्हणून त्या उठल्या.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी. दुकानं, जिने, वाळत घातलेल्या चादरी डोळ्यांपुढून वाहत होत्या, आणि त्या कशाकडेच बघत नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्या आवाजाने गेलं गं ते."

मला काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं. सापडलं नाही. म्हटलं, "पंख्याचापण आवाज होता, ताई."

शुक्रवारी सकाळी त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, काही न लपवता. लेक बाळाला थोपटत ऐकत होती.

"मग आता?"

"तू म्हणशील ते लिही."

लेकीने कागद काढला आणि लिहिलं. या वर्षीचं सगळ्यात गर्दीचं नाव. "दवाखान्यातली एकोणिसावी," ताईंच्या तोंडून निसटलंच, आणि त्यांनी जीभ चावली.

मग त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. वाकल्या. ते गर्दीचं नाव मी रोज गॅलऱ्यांतून, जिन्यांतून, शाळेच्या फाटकातून ऐकते. मला त्याचा वीट आलाय. ताई ते इतक्या हळू म्हणाल्या की मला आधी वाटलं शेजारच्या खोलीत कुणी आहे. कुणाला अजून दिलंच नसावं, असं ते वाटलं.

लेकीने पेनाचं टोपण लावलं नव्हतं. तसंच पेन हातात धरून म्हणाली, "आई, परत म्हण."