सरांच्या खुर्चीमागची चावी

पारनेरच्या पुढच्या एका गावात मी शिक्षिका आहे. रोज नगरहून जाऊन-येऊन करते. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय. पर्समध्ये तांब्याची बाटली असते, नवऱ्याने हौसेने आणलेली. तांब्यातलं पाणी पित्ताला बरं, पोटाला बरं, कातडीला बरं, असं बरंच काही त्याने मोबाईलवर वाचलंय. ती बाटली मी सकाळी भरून नेते आणि संध्याकाळी गुपचूप तुळशीला ओतते. तुळस अगदी ठणठणीत आहे.

माझं मात्र बिनसलं. उन्हाळ्यात लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप. गोळ्यांनी बरं वाटलं आणि दिवाळीनंतर पुन्हा तेच. या वेळी डॉक्टरबाई माझ्यावर चिडल्याच. "पाणी पीत नाही ना तुम्ही? आता जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. असंच चाललं तर ते कायमचं खराब होईल." मी घाबरले. घरी येऊन रडलेसुद्धा. नवरा चक्रावला. "अगं, बाटली तर रोज रिकामी असते!"

मग त्याला सांगावंच लागलं. शाळेत मुलींचं आणि शिक्षिकांचं मिळून एक स्वच्छतागृह आहे. चांगलं आहे, फरशी बसवलेलं. पण उघडं ठेवलं की बाहेरचे लोक घाण करतात, म्हणून कुलूप. चावी मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. ती घ्यायची म्हणजे भरल्या ऑफिसात सरांच्या डोक्यावरून हात न्यायचा. सर सज्जन आहेत, ते लगेच मान खाली घालतात. त्याने तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मी नवी असतानाच सांगितलं होतं, "बाई, सकाळी घोटभर प्याचं. मंग जावंच लागत न्हाई. सवय हुते बगा." झाली सवय. तहान लागली की पाणी प्यावं, इतकी साधी गोष्ट. पण ओठाला भांडं लावण्याआधी बाईच्या मनात येतं, नंतर जायचं कुठे आणि बघेल कोण.

सोमवारी मी थेट ऑफिसात गेले. दोन-तीन पालक बसले होते. "सर, चावी द्या. आणि ती आता माझ्याकडेच राहील." आवाज नको तेवढा चढला होता.

"राहू द्या की मॅडम," सर म्हणाले. "आधीच मागायची ना."

मला रागही आला आणि हसूही. मागणंच तर अवघड होतं! व्हरांड्यात उभी राहून मी अर्धी बाटली घटाघट प्यायले.

दुपारच्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी टेबलाशी आली. इकडेतिकडे बघत पुटपुटली, "बाई, चावी देता?" तिच्या मागे दारात आणखी चौघी उभ्या होत्या.

"आजपर्यंत कुठे जात होता गं?"

"न्हाई जात, बाई. घरी गेल्यावरच."

"आणि पाणी?"

त्या एकमेकींकडे बघून हसल्या. गेल्याच चाचणीत 'भरपूर पाणी का प्यावे?' असा प्रश्न मी काढला होता, आणि या पाचही जणींना पैकीच्या पैकी गुण दिले होते.