एक जूनचे दोन मच्छिंद्र

निमगाव सावाच्या एका वस्तीवर मच्छिंद्र म्हस्कू शिंगाडे या नावाचे दोघे जण आहेत. गावाला त्याची कधी अडचण झाली नाही. एकाच्या बापाकडे मेंढरं होती, तो मेंढीवाला. दुसऱ्याच्या बापानं वस्तीवर पहिलं डिझेल इंजिन आणलं, तो इंजनवाला. दोघं एकाच दिवशी शाळेत दाखल झाले. गुरुजींनी जन्मतारीख विचारली तेव्हा मेंढीवाल्याची आई चिमाबाई म्हणाली, "मेंढरं घिऊन घाट उतरत व्हतो, तवा वाटंत झाला." गुरुजींनी दोघांपुढंही एक जून लिहून टाकलं.

मेंढीवाल्याकडे पुढं मेंढरं राहिली नाहीत. तो बहिरूभाऊंची पिकअप चालवू लागला. वस्तीवरचा कांदा मंचरच्या बाजारात न्यायचा. चढाला गाडी कुंथली की तो अजूनही मेंढरं हाकल्यासारखं "हुर्र, हुर्र" करायचा. उधारीची त्याला भारी धास्ती. टपरीवर चहा यायच्या आधी पैसे ठेवायचा. टपरीवाला सोमाजी म्हणायचा, "राव, चहा पळून न्हाई जात."

२००९ साली बहिरूभाऊंनी पिकअप विकायची ठरवली. "तुला देतो. पर दिवाळीपतुर थांबंन, मग मंचरचं गिऱ्हाईक नेईल." मच्छिंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा कर्जासाठी अर्ज केला.

पंधरवड्यानं बँकेच्या साहेबांनी मान हलवली. "तुमचा रिपोर्ट चांगला नाही."

"कसला रिपोर्ट?"

"आधीची कर्जं कशी फेडली, त्याचा. मुंबईहून येतो."

"सायेब, मी कर्जच काढलं न्हाई कधी. दावा बरं."

"दाखवता येत नाही. गोपनीय असतो."

"मपला रिपोर्ट, आन मपल्यापासनंच गोपनीय?"

ही बातमी त्याच्या आधी टपरीवर पोचली. सोमाजीनं विचारलं, "काय राव, माझे पैशे आधी देतूस आन ब्यांकेला बुडवतूस व्हय?" सगळे हसले. मच्छिंद्रही हसला, पण चहा तसाच ठेवून उठला. गाडी गेली तर गेली, पण न केलेली गोष्ट आपल्या नावावर कुणी लिहिली, हे त्याला काही सुचू देईना.

त्याची बायको आशा बचत गटात होती. ती म्हणाली, "आमच्या गटात बाईनं मागितलं की तिचा हिशोब तिला दावावाच लागतो. ब्यांक काय येगळी हाय? चला."

दोघं बँकेत गेली. साहेब तेच, नोकरीत नवे, पण माणूस सरळ. त्यांनी पुण्याच्या कचेरीत फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि फोन ठेवून म्हणाले, "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे. तुमच्या अर्जावर आम्ही रिपोर्ट मागवला, तर त्याची प्रत तुम्हाला मागता येते. चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते. कायदाच आहे तसा. मलाच माहीत नव्हतं."

प्रत हातात आली. नाव बरोबर, तारीख बरोबर, गाव बरोबर. खाली एका मोटरसायकलचं कर्ज, हप्ते थकलेले. मच्छिंद्रला ती गाडी लगेच आठवली. लाल रंगाची. तिच्यावर इंजनवाल्याच्या मागं बसून तो जत्रेला गेला होता.

कॉम्प्युटर माणसाला नावावरून, जन्मतारखेवरून आणि पत्त्यावरून ओळखतो. मेंढरं आणि इंजिन यांतला फरक सांगायला तिथं जागाच नसते. गुरुजींच्या एका एक जूननं दोन माणसांचा एक माणूस झाला होता.

"अगं बया, ही तर..." आशा बोलू लागली, तोच त्यानं तिचा हात दाबला.

साहेबांनी ते पाहिलं. "कुणाचं आहे ते माहीत असेल तर सांगा. काम लवकर होईल."

दिवाळी तोंडावर होती. इंजनवाला चाकणला कंपनीत होता. वस्तीवर त्याची म्हातारी आई कोंडाबाई एकटीच राहायची. वसुलीची माणसं दारात आली तर ती पाहुणे समजून त्यांना चहा करील, असं मच्छिंद्रला दिसलं.

"सायेब, मपलं न्हाई, येवढंच मला लिवायचंय. ज्यांनी कर्ज दिलं, त्यांनी घेणाऱ्याचं त्वांड बगितलं आसंल की. मपला फोटू लावून बगा म्हणावं."

साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. फोटो आणि सही जोडली. पॅन नंबरही घातला, पुन्हा गल्लत नको म्हणून.

दिवाळीच्या आठवड्यात दुरुस्त रिपोर्ट आला आणि कर्ज मंजूर झालं. पाडव्याला चिमाबाईनं पिकअपला ओवाळलं.

त्याच संध्याकाळी इंजनवाला गाडी बघायला आला. केबिनमध्ये मच्छिंद्रच्या शेजारी बसून त्यानं स्टिअरिंगवर हात फिरवला. मच्छिंद्रनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं स्टिअरिंगवरचा हात काढून घेतला.

"मपलं नाव सांगितलंस?"

"न्हाई. मपलं न्हाई, येवढंच सांगितलं. तुपलं तू बग."

"बगतो राव. काम सुटलं व्हतं मधी, त्यात ऱ्हायलं." मग हळूच म्हणाला, "पर मपल्या नावावर काय काय लिवलंय, ते मला दावतील का? बुडवणाऱ्याला?"

"मागितलंस तर दावतील. ज्याचं त्याला दावावंच लागतं." मच्छिंद्रनं किल्ली फिरवली. "फकस्त एक जून सांगून थांबू नकोस. न्हाई तर मपलं दावतील."