मागे राहिलेल्याचं क्रियापद

मी कोणावर लिहावं एवढा मोठा नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझं मराठी जबलपूरचं, अर्धं हिंदीत भिजलेलं. तरी आमच्या घमापूर मोहल्ल्यातल्या इंग्रजीवाल्या दीदींबद्दल लिहायचं धाडस करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आपल्यापेक्षा सरस माणूस भेटला की दीदींना सण असल्यासारखा आनंद व्हायचा. शेजारणीची भाजी चांगली जमली तर वाटी हातात घेऊन त्या गल्लीभर सांगत, "चाखून पाहा, मला जन्मात नाही जमायची!"

शाळेतली नोकरी करून आल्यावर त्या आम्हाला ओट्यावर इंग्रजी शिकवत. एकदा 'सरपास' हे क्रियापद आलं. म्हणजे दुसऱ्याच्या पुढे निघून जाणं. आम्ही भराभर वाक्यं केली. प्रत्येकानं कोणाला ना कोणाला मागे टाकलं.

"अच्छा! सगळेच पुढं. मग मागं कोण राहून राहिलं?" दीदी हसल्या. "चलो, या ओट्यावर हे क्रियापद मागं राहिलेल्यानंच बोलायचं. उभं राहून. पुढं गेलेल्यानं चूप बसायचं."

त्याच आठवड्यात चाचणीत ओट्यावरचीच निशा माझ्या पुढे गेली. मी उभा राहिलो, पण तोंडातून शब्द फुटेना.

"काहून रे, वाक्य घशात अडकलं का?" दीदींनी विचारलं.

"आरामात बोल भैया, मला घाई नाही," निशा म्हणाली. सगळे हसले.

"निशा सरपास्ड मी," मी कसंबसं म्हणालो. आणि खरं सांगतो, एकदम हलकं वाटलं.

"दीदी, तुमचं वाक्य?" मी धीर करून विचारलं.

"इंग्रजीत माझ्या पुढं कोणी गेलं, की बोलीन."

त्या वाक्यात आपलं नाव यावं, एवढंच मग मला हवं होतं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो. दीदींचं करायचं राहून गेलेलं एम.ए. करायला नागपूरला आलो. त्यांना मात्र कळवलं नाही. स्वतःच्या तोंडानं कसं सांगणार?

परवा निशाचा फोन आला. दीदी गेल्या. बरेच दिवस अंथरुणावर होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या एम.ए.चं त्यांना आईकडून कळलं होतं. ते कळताच दीदींनी मुलांना ओट्यावर बोलावून घेतलं, निशाच्या खांद्याचा आधार घेऊन उभ्या राहिल्या आणि माझं नाव घेऊन ते वाक्य बोलल्या.

"ऐकून राहिला ना, भैया?" निशा विचारत होती.

मी चूप बसलो.