बारावा ठिपका

मेकॅनिक पुंडलिक म्हात्रे गेला त्याच्या पुढच्या आठवड्यात पेणच्या रामवाडीतल्या टेम्पोवाल्यांनी छोटीशी शोकसभा ठेवली. ते विष्णुपंत मराठ्यांना म्हणाले, "मास्तर, दोन शब्द तुम्ही बोला. अकरा वर्षं तुमची गाडी त्याच्याच हाताखाली. तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

विष्णुपंतांनी घरी येऊन कागद पुढ्यात घेतला. पुंडलिकचं गाव कुठलं? खाडीकडचं कुठलंसं. मुलं किती? ठाऊक नाही. शाळा किती शिकला होता? तेही नाही. चहा साखरेचा घ्यायचा की बिनसाखरेचा, हेसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं, कारण अकरा वर्षांत त्यांनी त्याला चहा कधी विचारलाच नव्हता. कागद कोरा राहिला. सभेला ते गेले, मागच्या बाजूला उभे राहिले आणि न बोलता परत आले. त्यांना एकच गोष्ट ठाऊक होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती.

गोष्ट सुरू होते शहाऐंशी साली. विष्णुपंत शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी जुनी फियाट घेतली. धाटावच्या कारखान्यातले एक साहेब बदली होऊन निघाले होते, त्यांची. हौस म्हणून घेतली नव्हती. त्यांच्या पत्नीच्या, अनसूयाबाईंच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि एसटीचे धक्के डॉक्टरांनी बंद केले होते. रेल्वेच्या डब्याच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. आणि रोह्याला त्यांची थोरली बहीण मालती एकटी राहत होती. दर दुसऱ्या रविवारी दोघी बहिणी भेटायच्या, जेवणं उरकली की पाच-तीन-दोनचा डाव मांडायच्या, तिसरा भिडू विष्णुपंत. हा रविवार चुकला की अनसूयाबाई पंधरा दिवस कमी बोलायच्या. म्हणून गाडी.

गाडी दारात लागली आणि सल्ले द्यायला माणसं जमली. पेट्रोल उन्हात भरू नका. शेवग्याखाली उभी करू नका. सकाळी चोक ओढून ठेवा, पण फार वेळ नको. सगळ्यांत पुढे शेजारचा कमळाकर. तो बँकेत होता. त्याच्याकडे स्कूटर, पण ज्ञान सगळं मोटारीचं.

"पंत, एक सांगून ठेवतो. गाडी गॅरेजात टाकून घरी यायचं नाही. स्टूल घेऊन समोर बसायचं."

"दिवसभर?"

"दिवसभर. तुम्ही लघवीला गेलात की बॅटरी बदलली म्हणून समजा."

विष्णुपंत मुळात संशयी. वर्गात दोन पोरांचं एक उत्तर सारखं आलं तर ते दोघांच्या शाईचा रंगसुद्धा ताडून बघायचे. कमळाकरचं बोलणं त्यांच्या मनात घट्ट बसलं. शाळेच्या बाकांवर नंबर घालायला आणलेल्या पांढऱ्या रंगाचा एक डबा घरी होता. कुणी नसताना त्यांनी गाडीच्या एकेका वस्तूवर ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका दिला. बॅटरी, स्टेपनी, जॅक, डायनॅमो, हॉर्न असे करत अकरा ठिपके झाले. सगळे अशा जागी, की सहज कुणाला दिसू नयेत. मग गाडी आणि स्टूल घेऊन ते रामवाडीला पुंडलिकच्या गॅरेजात गेले.

पुंडलिक तेव्हा पन्नाशीचा असेल. काळासावळा, किरकोळ, कानावर विझलेली विडी. तो बोलायचा तो बॉनेटमध्ये डोकं घालून. त्यामुळे तोंड दिसायचं नाही. विष्णुपंतांना हीच गोष्ट खटकली. तोंड लपवून का बोलायचं?

तीन तासांनी त्याने डोकं बाहेर काढलं. "मास्तर, गाडी खालून धुता का?"

"आठवड्यातून दोनदा. स्वतः."

"पानी कुटचं?"

"विहिरीचं. नळाचं पाणी प्यायला पुरत नाही."

"मग तर नकोच. खालून धुवू नका. मळलेली राहू द्या. म्या जुनं ऑइल मारून देतो पत्र्याला."

का नको, ते त्याने सांगितलं नाही आणि विष्णुपंतांनी विचारलं नाही. ते घरी आले ते डोक्यात किडा घेऊनच. गाडी धुऊ नका म्हणणारा मेकॅनिक कुणी पाहिलाय? वर स्वतःच्या गॅरेजातलं टाकाऊ काळं ऑइल आपल्या गाडीला फासतो! कमळाकरनं तर आणखी पुढचं काढलं.

"पाणी कुठलं, नळ कधी येतो, हे कशाला विचारतात ठाऊक आहे? घरात माणूस केव्हा असतं, ते काढून घेतात."

विष्णुपंतांचं घर अंतोऱ्याच्या रस्त्याला, खाडीच्या अंगाला. परसातली विहीर मचूळ. त्या पाण्याला साबणाचा फेस येत नसे आणि त्यावर नारळाखेरीज काही जगत नसे. भांडी, कपडे, अंगण यासाठी ते पाणी. प्यायचं पाणी गाडीवर ओतायचं म्हणजे पाप, असं त्या आळीत कुणालाही वाटलं असतं. विष्णुपंत गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. पुंडलिकचं ऑइल सोडा घालून घासून काढलं, आणि तेव्हापासून दोनाच्या जागी आठवड्यातून तीनदा धुऊ लागले. पुढे त्याने दोनदा ऑइल मारून दिलं. दोन्ही वेळा त्यांनी ते घासून काढलं.

अडीच वर्षं अशी गेली. दर वेळी गॅरेजातून आल्यावर ते ठिपके मोजत. अकराच्या अकरा. मग एका दिवाळीनंतर बॅटरीवरचा ठिपका दिसेना. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. नाही म्हणजे नाहीच. त्या दिवशी स्टुलावरून उठून ते पोस्टात गेले होते, जेमतेम दहा मिनिटं.

"झालं ना?" कमळाकर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क आनंद होता.

विष्णुपंत गॅरेजात जाब विचारायला गेले नाहीत. भांडायची त्यांना भीती वाटायची. पण पुंडलिक चोर आहे, हे मनात पक्कं झालं.

मग तो माघातला रविवार. नागोठणं मागे पडलं होतं, रोहा दहा-बारा किलोमीटरवर.

"अहो, मला रस्ता दिसतोय," अनसूयाबाई म्हणाल्या.

"दिसणारच. समोर काच आहे."

"समोर नाही. पायाखाली."

विष्णुपंतांनी गाडी बाजूला घेतली. अनसूयाबाईंच्या चपलेखालचा पत्रा पापडासारखा मोडून पडला होता आणि भोकातून डांबर दिसत होतं. पुढे जायची छाती झाली नाही. बाई पाय वर घेऊन, अवघडून बसल्या तशाच पेणला परत आल्या आणि तीन दिवस त्यांची पाठ धरली. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मालतीताईंचं कार्ड आलं. 'पत्ते कपाटात ठेवले आहेत. पुन्हा केव्हा काढायचे ते कळव.' अनसूयाबाईंनी ते वाचून उशीखाली ठेवलं. नवऱ्याला वाचायला दिलं नाही.

ते न दिलेलं कार्डच विष्णुपंतांना सोसलं नाही. जन्मात वर्गाबाहेर आवाज न चढवलेला माणूस गाडी घेऊन सरळ गॅरेजात जाऊन उभा राहिला. टेम्पोवाले चहा पीत होते, त्यांच्यादेखत म्हणाला, "पुंडलिक, चांगला पत्रा काढून तू कुजका घातलास! बॅटरीही बदललीस!"

पुंडलिकने बॉनेटमधून डोकं काढलं. "बॅटरीचं कशावरून?"

"माझी खूण होती तिच्यावर!"

"पांडरा ठिपका. व्हय. टर्मिनलला गरम पानी नि सोडा मारला, त्यात गेला. बाकीचे धा हायत, मोजा. एक जॅकच्या बुडाला. एक हॉर्नच्या मागं. डायनॅमोवरचा जरा फिसकटलाय."

मग एक टेम्पोवाला म्हणाला, "मास्तर गाडीची हजेरी घेतात रे!" आणि सगळे हसले. पुंडलिक तेवढा हसला नाही. तो वाकून गाडीखाली शिरला, गंजाचा एक पापुद्रा मोडून आणला, त्याचे दोन तुकडे केले. एक स्वतःच्या जिभेवर ठेवला, दुसरा पुढे धरला.

"चाखा."

"काय?"

"चाखा बोलतो ना."

विष्णुपंतांनी जिभेचं टोक लावलं. खारट.

"ह्ये तुमच्या विहिरीचं. माजा बाप मिठागरावं व्हता, मास्तर. थितं खाडीचं पानी आत घेतात नि गप बसतात. ऊन पानी नेतं, मीठ ठेवतं. लोकंड थितं वरीसभर टिकत नाय, म्हनून मीठ वडायची फळीपन लाकडाची. तुमी गाडीखाली मिठागर काढलंत."

"मग तू तेव्हा नीट सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. धुवू नका बोल्लो. ऑइल मारलं, तुमी काढलंत. परत मारलं, परत काढलंत." त्याने हात फडक्याला पुसले. "ठिपके म्या पयल्याच दिवशी बगितले. ज्यानं ठिपके घातले, त्याला आनखी काय सांगू?"

विष्णुपंतांच्या तोंडातली खारट चव जात नव्हती.

"बाईंना रोह्याला कवा जायचंय?" पुंडलिकने विचारलं.

"येत्या रविवारी गेलं तर..."

"शनवारी गाडी न्या."

एवढं होऊनही विष्णुपंतांचा स्वभाव जाईना. गुरुवारी ते एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर छत्रीआड उभे राहून, तो खरंच पत्रा कापतोय की नाही ते बघून आले. शनिवारी गाडी आणली. रविवारी सकाळी निघायच्या आधी गोणपाट आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. नवा पत्रा होता. सांधे नीट होते. त्यावर काळं ऑइल फासलेलं, पण एका कोपऱ्यात चार आण्याच्या नाण्याएवढी जागा कोरडी सोडलेली. त्या जागेत ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

तो त्यांनी दिलेला नव्हता.

ते बाहेर आले, बॉनेट उघडलं. बॅटरीवरही ठिपका होता, पूर्वी होता तिथेच. डायनॅमोवरचा फिसकटलेला नीट गोल केलेला. त्यांनी सगळे मोजले. बारा.

"काय सापडलं?" अनसूयाबाई पायरीवर पर्स घेऊन उभ्या होत्या.

"काही नाही," विष्णुपंत म्हणाले. "बस गाडीत. पाय खाली ठेवलेस तरी चालतील."

त्या दुपारी मालतीताईंनी सलग चार डाव जिंकले.

यानंतर गाडी खालून कधी धुतली गेली नाही. स्टूल का नेत नाही, असं कमळाकरने विचारलं तेव्हा ते मोडलं, असं त्याला सांगितलं. बाकी विष्णुपंत होते तसेच राहिले. पेट्रोलपंपावर अजूनही खाली उतरून काटा बघायचे. पण बाराव्या ठिपक्याविषयी पुंडलिकला काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं. काय, ते नीट जुळत नव्हतं. क्षमा म्हणावी तर फार मोठं वाटायचं, आणि नुसतं 'बघितला' म्हणावं तर फार थोडं. दर वेळी वाटायचं, पुढच्या खेपेला. अशी आठ वर्षं गेली. त्याने कधी विचारलं नाही.

सत्त्याण्णव सालचा एक रविवार. रोह्याला जाताना विष्णुपंतांनी हवा भरायला गाडी थांबवली. पुंडलिक खूप वाळला होता, बाहेर बाकावर बसून खोकत होता. तरी तो स्वतः उठला, चारही चाकं बघितली, हात टेकून सरळ झाला.

"रोह्याला?"

"हो."

"बाईंची पाठ?"

"बरी आहे."

विष्णुपंतांनी गाडी सुरू केली नाही. आज बोलावं, असं त्यांच्या मनात आलं. अनसूयाबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

"मागच्या डाव्या चाकाची हवा उतरतेय वाईच," पुंडलिक म्हणाला. "येताना दाखवा."

"दाखवतो," विष्णुपंत म्हणाले.