उजव्या हाताची जागा

"पाहुण्या बाईंना हिच्या उजव्या हाताला बसवायचं. डावीकडे भिंत येऊ दे," आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती.

मी माजघरात निऱ्या घालत होते. उजवा कान दाराकडे होता, म्हणून ऐकू आलं.

लहानपणी मला गोवर आला आणि त्यानंतर डावा कान वाहू लागला. लसणीचं कोमट तेल झालं, दवाखाना झाला. पुढे त्या बाजूने काही ऐकू येईनासंच झालं. शाळेत मिसबाईंनी मला पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसवलं, तिथे विषय संपला. घरी मात्र त्याचा उच्चार होत नसे. मी हाकेला ओ दिली नाही की आई म्हणायची, "लाजाळू आहे." उत्तराला उशीर झाला की आत्या म्हणायची, "इंग्रजी शाळेतली ना, मराठी पटकन सुचत नाही तिला." मी खरंच लाजाळू होते की कानामुळे तशी झाले, हे मलाही आता सांगता येत नाही.

या स्थळाला कानाचं सांगून टाकावं, असं वडिलांचं मत होतं. "सांग की, दादा," आत्या म्हणाली होती, "आणि मग ठेव तिला जन्मभर घरात."

कान उघडा पडला तर स्थळ जाणार होतं. लपला तर त्या घरात मी जिथे बसेन तिथे आधी भिंत शोधणार होते. रात्रभर मी हेच घोळवत होते.

पाहुणे देवळाली प्रवरेहून आले, मुलाचे आईवडील दोघंच. मुलगा साखर कारखान्यात कारकून होता, त्याला रजा मिळाली नव्हती. मुलाच्या वडिलांनी सतरंजीवर बसता बसताच कानामागे हात धरला. "जरा मोठ्यानं बोला हं. आमचे कान आमच्याआधीच पेन्शनीत गेले!"

सगळे हसले. माझे वडील ओरडून बोलू लागले, आत्या त्यांच्याहून मोठ्याने. रेशनची साखर संपली होती, म्हणून गुळाचा चहा होता. "कारखान्याच्या माणसांना गुळाचा चहा!" ते म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. त्यांच्या कानाचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

मी पाटावर मान खाली घालून बसले होते. मान खाली असली की ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसले नाहीत की मला निम्मंच कळतं. मुलाची आई उजवीकडे होती. तिने विचारलं, मी उत्तरं दिली. स्वयंपाक, शिवण, शाळा. आत्याचा चेहरा सैल झाला.

मग मुलाची आई उठली. डाव्या भिंतीवर माझ्या भरतकामाची चौकट होती, आत्यानेच सकाळी मुद्दाम टांगलेली. ती बघता बघता बाई माझ्या पाठीमागून काहीतरी म्हणाली. मला नुसता आवाज कळला, शब्द नाहीत. मी सतरंजीच्या निळ्या पट्ट्याकडे बघत राहिले. खोली गप्प झाली, तेव्हा समजलं की प्रश्न मला होता.

"लाजते हो," आत्या घाईने म्हणाली. "पहिल्यापासून अशीच."

"बरंय की," बाई पुढे येत म्हणाली. "हल्लीच्या मुली तोंड वर करून बोलतात." आणि चौकटीकडे वळून तिने तेच पुन्हा विचारलं.

मान खालीच ठेवून मी डोळे उचलले. आई माझ्याकडे बघत होती. तिने मान किंचित हलवून दाखवली: हो म्हण. असं न ऐकता हो म्हणायची मला सवय होती.

"काय म्हणते मुलगी?" मुलाच्या वडिलांनी कानामागे हात धरून विचारलं.

"अजून काही म्हणाली नाही!" त्यांची बायको ओरडली.

मी मान वर केली आणि म्हणाले, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. माझ्याशीही जरा मोठ्याने बोला."