पाण्याचे डाक्टर

आमच्या साडभाऊंइतका, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याइतका, शरमिंदा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दुसरा सापडणार नाही, हे मी कुठल्याही पारावर बसून सांगायला तयार आहे. माणसं चोरी पकडली गेली की लाजतात. हे 'शिकलात किती' असं विचारलं तरी कानकोंडे होतात. परगावी एका प्रयोगशाळेत ते पाण्याचा अभ्यास करतात. पण पाणी तरी किती? विजेचा भार असलेला एक रेणू, म्हणजे आयन, आणि त्याला बिलगलेले पाण्याचे पाच-सहा रेणू. हा एवढासा झुबका हवा काढून टाकलेल्या यंत्रात धरायचा आणि त्यावर इन्फ्रारेड लेसर सोडायचा. लेसरचा मेळ जमला की पाण्याचा एखादा रेणू निसटतो, आणि त्यावरून सगळे एकमेकांना कसे धरून बसले होते ते कळतं. सासूबाईंनी हे सारं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे पानी बी दिसत नाई, न उजेड बी दिसत नाई? मंग दिवसभर पाह्यता काय, जवाईबापू?"

"पडद्यावरच्या रेघा," साडभाऊ म्हणाले, आणि लाजले.

पोंभुर्ण्याच्या एका लग्नात शेजारच्या पाहुण्याला हेच समजावताना त्यांनी पत्रावळीवर मिरचीच्या तुकड्याभोवती बुंदीचे दाणे मांडले. वरणवाला बादली घेऊन ताटकळला, पंगत खोळंबली, सगळे बघायला लागले. तेव्हा साडभाऊंनी शरमेनं सगळा झुबका आयनासकट गिळून टाकला. आयन चांगलाच तिखट निघाला. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही ते वरणवाल्याची माफी मागत होते.

सासूबाईंनी मात्र "माहा लहान जवाई पाण्याचा डाक्टर हाय" असं गावभर सांगून ठेवलेलं. मागच्या उन्हाळ्यात ते सासुरवाडीला आले, तर अंगणात बाया हातपंपाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन हजर. गावातल्या पोरांचे दात पिवळे पडत होते.

"भाऊ, हे पानी प्यावं का नाई?"

साडभाऊंनी एक बाटली उजेडात धरली. "बाई, मले नाई सांगता येत. एवढ्या पाण्यावर मी कधी कामच नाई केलं."

बाया पदरात तोंड खुपसून हसल्या. सासूबाई उठून आत गेल्या. मलाही कुठे तोंड लपवू असं झालं. साडभाऊंनी बाटल्या पिशवीत भरल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तपासायला दिल्या. फ्लोराइड जास्त निघालं, हातपंप बंद झाला, आणि बायांना पाण्यासाठी शेतातली लांबची विहीर धरावी लागली. "डाक्टरनं पानी देल्लं नाई, होतं तेच बंद केलं," असं त्या सासूबाईंना ऐकवू लागल्या.

यंदा आले तेव्हा साडभाऊंनी सकाळीच गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, उचलला. सासुरवाडीत जावई पाण्याचा तांब्याही स्वतः घेत नाही. सासूबाई दारात आडव्या आल्या. "अवो, ठेवा ते! जवाई पानी भरते का कुठी? लोक काय म्हनतीन मले?"

"म्हनू द्या, आई. पंप माह्यापाई बंद झाला."

विहिरीवरून ते गावातून चालत परत आले तेव्हा निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं होतं. डोक्यावर गुंड असल्यामुळे मान मात्र ताठ होती. बाया बघत होत्या, पण हसत कुणी नव्हतं. मी मोठा जावई, बाजेवर बसून चहा पीत होतो. उठायला लागलो तर सासूबाईंनी हात जोडले. "तुमी तरी बसून राहा, बाप्पा."

मी बसलो. साडभाऊ दुसऱ्या खेपेला निघाले. चहा नेहमीसारखाच गोड होता, आणि घोटाघोटाला मला माझीच लाज वाटत होती.